पाणी कुठे मुरतं?

जुनी गाडी घरी आणली की माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन फिरतंय का, बॅटरी जोडली तर स्टार्टर दाद देतो का, हे बघायची त्याला घाई झालेली असते. माझं सांगणं असं, की आधी गाडीखाली आडवं व्हावं. इंजिन म्हणजे जाड ओतकाम. वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिनसुद्धा बहुतेक वेळा सुटतं, बोअर करून, रिंग-पिस्टन बदलून पुन्हा चालतं. गाडीचा पत्रा मात्र जेमतेम एक मिलिमीटरचा. तो गेला की गाडी गेली. पत्रा खातं ते पाणी. घरी गाडी उभी करायची म्हणजे पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि कुठे मुरतं ते शोधायचं आणि त्याची वाट बंद करायची. बाकीचं काम या एका कामाच्या मागून येतं.

हे प्रकरण भिवंडी तालुक्यातल्या कोनसारख्या गावात, घरालगतच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी गाडी उभी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापासून खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे कोन लागतं. एका अंगाला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामं. हवा बारा महिने दमट, त्यात चार महिने पाऊस. जुन्या गाडीला याहून अवघड जागा शोधूनही सापडायची नाही. म्हणूनच इथे जी पद्धत टिकते ती नाशिकला, नगरला आणि सोलापुरालाही टिकते.

गाडी कोणती निवडावी?

जुनी स्पोर्ट्‌स कार म्हटलं की डोळ्यांपुढे एमजी किंवा ट्रायम्फ येते. या गाड्या भारतात आहेत, पण मोजक्या, महाग आणि बहुतेक जाणकार संग्राहकांच्या हातात. सामान्य माणसाला परवडेल, सुटे भाग मिळतील आणि जिच्या अंगात स्पोर्ट्‌स कारचं रक्त आहे अशी गाडी आपल्या जवळच तयार होत होती, कुर्ल्याला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीला तिथे अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप लोकांच्या मनात ठसलं ते याच गाडीमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

या साध्या दिसणाऱ्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं आहे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धाआधी फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हाताखाली घडलेल्या इंजिनाचं हे घराणं. युद्ध संपल्यावर तुरीनच्या पिएरो दुसिओ यांनी याच १०८९ सीसीच्या फियाट इंजिनावर चिसितालिया नावाच्या रेसिंग गाड्या बांधल्या. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी हा नामांकित शर्यतपटू चिसितालिया २०२ घेऊन उतरला आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकत दुसरा आला. पिनिनफारिनाने घडवलेली बंद बॉडीची २०२ आज न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात कलावस्तू म्हणून जपलेली आहे. कोनच्या शेडमधल्या पद्मिनीचं हेड उघडतो तेव्हा आपल्यापुढे याच कुळाचं यंत्र असतं. चार सिलेंडर, पुशरॉडवर चालणारे वॉल्व्ह, एक कार्बोरेटर; लपवाछपवी काही नाही. शिकायला याहून चांगलं इंजिन मिळणं कठीण.

दुसरा पर्याय स्टँडर्ड हेराल्डचा. ही गाडी १९६१ पासून मद्रासला बनत होती. रचनाकार मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली हेराल्ड आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार या सख्ख्या बहिणी. स्पिटफायरची चेसिस हेराल्डचीच, आखूड केलेली. हेराल्डची बॉडी वेगळ्या चेसिसवर बोल्टने बसवलेली असल्यामुळे घरच्या घरी तुकड्यातुकड्याने उतरवता येते. फियाटचं तसं नाही. तिला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप मिळून एकच पेटी होते आणि तीच सगळा भार पेलते. फ्लोअरला पडलेलं भोक म्हणजे नुसतं भोक नव्हे, ते गाडीचं मोडलेलं हाड असतं. एमजीच्या एमजीबी या गाडीची रचनाही अशीच आहे, पण ब्रिटनमध्ये १९८८ पासून तिची अख्खी नवी बॉडी विकत मिळते. आपल्या फियाटला तशी सोय नाही. जो पत्रा आहे तोच वाचवायचा आहे.

गंज कसा धरतो

लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज सुरू होतो. पाणी डोळ्यांना दिसायलाच हवं असंही नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पत्र्यावर बाष्पाचा अदृश्य थर बसतो आणि काम चालू होतं. खाडीकाठी या थरात मीठ मिसळतं. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजाचा वेग वाढतो. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पत्रा लवकर सुकत नाही.

गंजाची खरी ताकद त्याच्या फुगण्यात आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं तिथे आत शिरलेला गंज फुगतो आणि सांधा आतून उलवतो. फट वाढते, आणखी पाणी शिरतं. म्हणून गाडी मधल्या सपाट पत्र्यावर क्वचितच सडते. ती सडते जोडांत, घड्यांत आणि पोकळ भागांत.

गाडी घेण्याआधी या जागा एकेक करून तपासा. पायाखालचं मॅटिंग उचला आणि ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा पाहा. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला छोटी भोकं असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली की दारात पाणी साचतं आणि दार खालून कुजतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरून फ्लोअरच्या कोपऱ्यात बसतं, आणि मालक मात्र दारालाच दोष देत राहतो. डिकीतली स्टेपनीची जागा, मागच्या कमानपाट्यांचे टेकू आणि बॅटरीखालचा ट्रे हेही बघा.

तपासायचं कसं? एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने दाराखालच्या पट्टीवर पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो. पुट्टी भरलेली असेल तर आवाज दबका येतो. जिथे आवाज बदलला तिथे टोकाने दाबा. रंग फुटून तांबडा भुगा गळला तर मालकाला न दुखावता थांबा आणि तेवढा भाग वहीत नोंदवा. लोहचुंबक कपड्यात गुंडाळून फिरवलं तरी हेच कळतं. पुट्टीच्या जाड थरावर ते धरत नाही. एखाद्या गाडीला नवा चकचकीत रंग असेल तर जास्तच सावध राहा. खराब रंगाची पण कोरडी गाडी ही नेहमीच चांगली खरेदी.

पुराचाही इतिहास विचारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या आणि उल्हासच्या पुराने कल्याणचा परिसरही बुडाला. सीटच्या स्प्रिंगांवर एका उंचीपर्यंत सरळ गंजाची रेघ दिसली किंवा डॅशबोर्डमागे वाळलेला गाळ सापडला, तर ती गाडी बुडालेली आहे.

आधी छप्पर

गाडी आणण्याच्या आधी तिची जागा कोरडी करा. शेडची जमीन मातीची असेल तर खालून बाष्प वर येतं. त्यावर जाड प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओतणं हा कायमचा उपाय. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री कधीही घालू नका. रात्री गार झालेल्या पत्र्यावर दव जमतं आणि ताडपत्री ते उडू देत नाही. भिवंडीत मागावरून उतरलेलं सुती ग्रे कापड मिळतं. त्याचं दुहेरी शिवलेलं कव्हर धूळ अडवतं आणि हवा खेळती ठेवतं.

कामाचं वेळापत्रक पावसावर बेता. उघड्या पत्र्याचं आणि रंगाचं काम दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत. जून ते सप्टेंबर ही टेबलावरच्या कामाची वेळ: कार्बोरेटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), डायनामो, वायरिंग, सीटचं काम. घासून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून जेवढा भाग त्याच दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच घासायला घ्या.

सोडवण्याआधी प्रत्येक भागाचे चारही बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून आत कागदाची चिठ्ठी ठेवा. वायरींना दोन्ही टोकांना खुणा बांधा. घरी सुरू केलेल्या गाड्या अर्धवट राहतात त्या बहुतेक इथेच: गाडी आठवड्यात सुटते, जोडायची वेळ वर्षाने येते आणि तोवर कुठला बोल्ट कुठला ते कोणालाच आठवत नाही.

पत्र्याचं काम

आता मुख्य कामाकडे. आधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर लांब ठेवा आणि बॅटरी काढा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ठिणगी लागली तर ती बाँबसारखी फुटते. टाकीला घरी वेल्डिंग करायचंच नाही. आणि गाडीखाली जाताना भार जॅकवर ठेवायचा नाही. चार पक्क्या घोड्या, समतल जमिनीवर.

दाराखालची पट्टी सडली असेल तर ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी लोखंडी पाइप आडवा आणि तिरका वेल्ड करा. हे विसरलात तर कापताक्षणी बॉडी मधोमध बसते आणि नंतर दारं कधीच नीट लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू. प्रत्येक टप्प्यावर दार लावून फटी मोजा.

सडका पत्रा कापताना लोभ नको. पांढराशुभ्र, जाड धातू लागेपर्यंत मागे जा. कागदी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो बसला की त्याबरहुकूम नवा पत्रा कापा. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग सोयीचं, कारण उष्णता कमी पसरते. तरीही सलग शिवण मारू नका. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मधे गार होऊ द्या, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. भिवंडीचे यंत्रमाग चालू ठेवणारे वेल्डर आणि टर्नर या पट्ट्यात आहेत; हात बसेपर्यंत त्यांच्यापैकी एकाला सोबत घेण्यात कमीपणा नाही. सडक्या पत्र्यावर वरून नवा पत्रा चढवून शिवण्याची पद्धत मात्र कोणी सुचवली तरी नाकारा. दोन थरांमधल्या फटीत पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत काम परत येतं.

वेल्डिंगनंतरचा क्रम असा: जोडांवर सीम सीलर, उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर, खालच्या बाजूला अंडरकोटिंग आणि सगळ्यात शेवटी पोकळ भागांत नळीने फवारलेलं पातळ मेण. हे मेण कोणाला दिसत नाही, पण गाडीचं आयुष्य तेच ठरवतं. रेड ऑक्साइडवर विसंबून पावसाळा काढू नका. तो थर सच्छिद्र असतो, पाणी त्यातून झिरपतं. पुट्टीही ओलावा शोषते. ती उघडी ठेवून रंगाला सहा महिने लावले तर खालून फोड येतात. गंज रंगाने झाकायची रसायनं खाचाखोचांसाठी ठीक. सडलेल्या पत्र्याला ती औषध नाही.

इंजिनातलं पाणी

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारून जोर करू नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हलकेच मागे-पुढे करा. सुटलं की कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर वॉल्व्ह गळतोय.

फियाटच्या या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. म्हणून गाडी एकदा जरी भरमसाट तापली तरी हेड वाकतं आणि पॅकिंग जातं. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने फटी तपासा आणि लेथवाल्याकडून जरुरीपुरतंच फेसिंग करून घ्या. हेडमधल्या पाण्याच्या वाटा कुरतडलेल्या दिसल्या तर कारण बहुतेक एकच: रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नुसतं पाणी. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी तर रेडिएटरला विषच. शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट यांचं मिश्रणच वापरा.

पेट्रोलमध्येही आता पाण्याला वाट आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवा, आणि गाडी दर पंधरवड्याला निदान एकदा नीट तापेपर्यंत चालवा.

ब्रेक ऑइलचंही तेच. ते पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० अंशांच्या आसपासच. घाटात ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून जुन्या गाडीची चारही व्हील सिलेंडर उघडा, किट बदला, नवं ऑइल भरा आणि ते दोन वर्षांनी बदलत राहा. ड्रममधली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, ती ओल्या फडक्यानेच पुसायची.

सुटे भाग आणि कागद

कोनहून कल्याण स्टेशन गाठायचं आणि लोकलने कुर्ल्याला उतरायचं. जिथे ही गाडी जन्मली त्या कुर्ल्यातच सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे. ऑपेरा हाऊसजवळही स्पेअर पार्टची जुनी दुकानं आहेत. जाताना जुना भाग सोबत न्या, तोंडी वर्णनावर खरेदी करू नका. किंगपिन, बेअरिंग, क्लच प्लेट घेताना व्हर्निअरने मोजून घ्या.

कागदांचं काम गाडी घेण्याआधीच. चेसिसवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील तर केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर ही नोंदणी मिळत नाही. म्हणून फियाटमध्ये आधुनिक इंजिन बसवायचा मोह आवरा. मूळ १०८९ सीसीचं इंजिन जपलं तर गाडीची ओळख जपली जाते आणि कायदाही तिच्या बाजूने उभा राहतो.

रंगाबद्दल एकच गोष्ट सांगायची राहिली. हल्लीच्या हार्डनर घालून फवारायच्या रंगात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमची इजा करतं. घरातल्या शेडमध्ये, कापडी मास्क लावून ते फवारू नका. शेवटचा हात रंगाच्या बूथमध्येच मारून घ्या.

कुर्ल्याच्या कारखान्यातून आता एकही नवी फियाट येणार नाही. जी गाडी शेडमध्ये किंवा झाडाखाली उभी आहे, तिचे भाग सुटे करून विकण्याआधी एकदा तिच्याखाली आडवं होऊन पाहा. फ्लोअर वाचण्यासारखा असेल तर ती वाचवा. पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी छप्पर, मग पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळणाऱ्याची गाडी रस्त्यावर येते.